रेशमी फितींचे बेट

आमच्या घरात आजोबांची म्हणून एकच वस्तू शिल्लक आहे. बोटभर लांबीचा रेशमी फितीचा तुकडा. मध्ये रुंद नारिंगी पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी, मग काळी आणि अगदी काठाला निळी रेघ. आजोबा ११४ व्या मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात ते मेसापोटेमियात गेले, १९१८ साली शरकतच्या लढाईत होते, आणि नशिबाने धडधाकट परत आले. मागाहून सरकारने त्यांना दोन पदके धाडली; एक काशाचे आणि एक रुप्याचे. काशाचे पदक घरातल्या पोरांनी खेळून खेळून हरवले. रुप्याचे हरवले नाही. आजोबा वारले आणि वडिलांच्या मॅट्रिकच्या फीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आजी ते पदरात बांधून सोनाराकडे घेऊन गेली. सुमारे पावणेतीन तोळे भरले. सोनाराने फीत काढून आजीच्या हातावर ठेवली. "वैनी, चिंधीचे पैसे कसले?" असे तो म्हणाला, ही हकीकत आजी अखेरपर्यंत सांगत असे.

त्या पदकाच्या कडेवर आजोबांचे नाव आणि नंबर कोरलेला होता. ते सोनाराच्या मुशीत वितळले, की कुणा शौकिनाच्या खणात जाऊन पडले, हे आम्हाला कधीच कळले नाही. चिंधी मात्र राहिली, आणि त्या चिंधीपायी मला फिती जमवण्याचा नाद लागला.

लोक तिकिटे जमवतात, नाणी जमवतात. त्यांना कुणी हसत नाही. पण पदकांच्या फिती जमवणाऱ्याकडे लोक जरा चमत्कारिक नजरेने पाहतात. आमच्या सौ. तर माझ्या संग्रहाला 'यांचा शिंप्याचा कचरा' म्हणतात. पुण्याच्या जुन्या बाजारात कित्येक रविवार आणि बुधवार घालवून मी हा कचरा गोळा केला आहे. त्यात गंमत अशी, की फीत कधी बोलत नाही. पदकावर अक्षरे असतात, मुखवटा असतो, साल असते. फितीवर फक्त रंग. ते रंग वाचायला शिकावे लागते.

वाचण्याची रीत सांगतो. आधी पट्टी घेऊन रुंदी मोजायची. फीत पस्तीस मिलिमीटर भरली तर अमेरिकन असण्याचा संभव, बत्तीस भरली तर इंग्रजी वळणाची, आणि चोवीस भरली तर रशियाची वाट धरायची. मग मधल्या रेघेपासून काठाकडे रंग मोजत जायचे. त्यानंतर फीत उलटी करायची. वरचे रंग उन्हाने उडालेले असतात, खरा रंग पाठीला सापडतो. शेवटी अतिनील दिव्याखाली धरायची. अलीकडच्या धाग्यात कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून रसायन घातलेले असते, ते त्या दिव्यात निळसर चमकते. शंभर वर्षांची म्हणून विकलेली फीत अशी चमकली, की समजावे आपण फसलो. मी तीनदा फसलो आहे. सौ.ना एकदाचेच ठाऊक आहे.

२०११ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे टोरांटोला गेलो होतो. तिकडचे लोक बर्फाला कंटाळले की क्युबाला जातात. विमानाने साडेतीन-चार तासांचा प्रवास, आणि उतरल्यावर एकदम कोकण! नारळी, दमट हवा, समुद्राचा खारा वास. जावईबापूंनी आठवड्याची तिकिटे काढून दिली. सौ.ना समुद्र पाहायचा होता आणि मला फिती. माझ्या वहीत क्युबाचे पान तोवर कोरेच होते.

हवानात आम्ही वेदादो नावाच्या भागात एका घरी उतरलो. या भागातल्या रस्त्यांना नावांऐवजी आकडे आणि अक्षरे आहेत, त्यामुळे चुकायचे म्हटले तरी माणूस चुकत नाही. परदेशी पाहुण्यांना खोली देण्याचा परवाना असलेल्या घराच्या दारावर निळे नांगरासारखे चिन्ह असते. आमच्या यजमानीणबाई इंग्रजीच्या सेवानिवृत्त शिक्षिका होत्या. ओसरीवर दोन झुलत्या खुर्च्या होत्या. एकीत त्यांचे थोरले बंधू दिवसभर बसून असत. उंच, काळेसावळे गृहस्थ. आम्हाला पाहून मान लववीत, पण बोलत नसत.

दुसऱ्याच दिवशी मी जुन्या शहरातल्या प्लासा दे आर्मास या चौकात जाऊन थडकलो. चौकाच्या एका अंगाला स्पॅनिश गव्हर्नरांचा जुना वाडा आहे. आता त्यात शहराचे संग्रहालय आहे. वाड्यासमोरचा रस्ता दगडी नसून लाकडी ठोकळ्यांचा आहे. चौकाच्या मधोमध कार्लोस मान्वेल दे सेस्पेदेस यांचा संगमरवरी पुतळा. ऊसमळ्याचा हा मालक. १० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने आपले गुलाम मुक्त केले आणि स्पेनविरुद्ध बंड पुकारले. पूर्वी या चबुतऱ्यावर स्पेनचा राजा सातवा फर्नांडो उभा होता. १९५५ साली त्याच्या जागी सेस्पेदेस आले. मी गेलो त्या वेळी या पुतळ्याभोवती जुन्या पुस्तकांच्या लाकडी मांडण्या लागत. पुस्तकांच्या खाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आणि डब्यांत नाणी, बिल्ले, पदके.

एका विक्रेत्याने डबा माझ्यापुढे उपडा केला. "सगळे क्युबाचे आहे, सेन्योर," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. मी चष्मा पुसला, पट्टी काढली आणि चबुतऱ्याच्या पायरीवर बैठक मारली.

पहिली फीत हाती आली ती लाल, मध्ये पांढरी रेघ असलेली. ही क्युबाची नव्हेच! स्पेनच्या सैनिकी गुणवत्तेच्या क्रूसाची फीत. हा क्रूस त्या काळी दोन तऱ्हांचा असे. लाल युद्धातल्या कामगिरीचा, पांढरा शांततेच्या काळातला. म्हणजे १८९५ ते १८९८ या काळात क्युबाच्या बंडवाल्यांशी लढलेल्या एखाद्या स्पॅनिश शिपायाच्या छातीवर ती मिरवली असावी. दुसरी फीत पस्तीस मिलिमीटर भरली. मध्ये खाकी-हिरवट, काठांना लाल, पांढरा, निळा. ही अमेरिकन फौजेची. १९०६ ते १९०९ या काळात अमेरिकेने क्युबात फौज आणून ठेवली होती, आणि त्या शिपायांसाठी पदक काढले. त्याचे नाव 'क्युबन पॅसिफिकेशन', म्हणजे शांतता प्रस्थापनेचे! तिसरी चोवीस मिलिमीटरची, पंचकोनी पत्र्यावर मढवलेली, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांची. जर्मनीवरच्या विजयाचे रशियन पदक, १९४५ चे. १९६२ च्या क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात चाळीस हजारांवर रशियन सैनिक या बेटावर होते. त्यांच्यापैकी एखाद्या जुन्या अधिकाऱ्याची ती असेल.

क्युबाच्या डब्यात स्पेन, अमेरिका, रशिया! क्युबा काही निघेना. मला हसू आले आणि मग ओशाळल्यासारखे झाले. आपल्या जुन्या बाजारात एखादा क्यूबन गृहस्थ येऊन बसला, तर त्याला आमच्या डब्यात तरी काय सापडेल? राणीचा आणि राजाचा मुखवटा.

फितीचा रंगसुद्धा राजकारणातून सुटत नाही. स्पेनला हरवल्याबद्दल अमेरिकेने १९०५ साली आपल्या शिपायांसाठी पदक काढले. त्याच्या फितीचे रंग पिवळे आणि लाल, म्हणजे स्पेनच्याच झेंड्याचे. पुढे स्पेनशी सलोखा झाल्यावर हरलेल्याचे रंग छातीवर मिरवणे बरे दिसेना, तेव्हा १९१३ साली तांबडा काढून निळा घातला. तीच लढाई, तेच पदक, तोच शिपाई. फक्त फीत बदलली.

डब्याच्या तळाशी शेवटी क्युबा सापडला. प्रजासत्ताकाच्या काळात, १९२६ साली, याच सेस्पेदेस यांच्या नावाने राष्ट्रीय मानचिन्ह निघाले होते. १९५९ ची क्रांती झाली आणि जुन्या राजवटीची मानचिन्हे मागे पडून नवी आली. यात नवल नाही. आपल्याकडेही व्हिक्टोरिया क्रॉस गेला आणि १९५० साली परमवीर चक्र आले. नव्या क्युबाने एप्रिल १९६१ मध्ये प्लाया हिरोनच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या पाठिंब्याने आलेले आक्रमण परतवले आणि त्याच वर्षी 'प्लाया हिरोन' हे मानचिन्ह काढले. ते पहिल्यांदा मिळाले युरी गागारिनला! अंतराळातून परतून त्याला साडेतीन महिने झाले होते, आणि जुलैमध्ये तो हवानाला आला होता. पुढे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सगळ्या मानचिन्हांची नव्याने घडी बसवण्यात आली. पदकांना नावे दिली ती आंतोनियो मासेओ, माक्सिमो गोमेस या स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनापतींची आणि कामिलो सिएनफ्वेगोस, चे गेव्हारा या क्रांतीतल्या वीरांची. सर्वांत वरचा मान 'प्रजासत्ताकाचा वीर'. तो पहिल्यांदा मिळाला आर्नाल्दो तामायो मेंदेस या वैमानिकाला. १९८० साली तो रशियन यानातून अंतराळात गेला. त्याच कार्यक्रमातून चार वर्षांनी आपला राकेश शर्मा गेला.

आणि दिलेला मान परतही घेतात. जनरल आर्नाल्दो ओचोआ यांना १९८४ साली हाच वीराचा मान मिळाला होता. १९८९ साली त्यांच्यावर खटला झाला, मान काढून घेतला गेला आणि जुलैमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मी त्या पायरीवर बसून विचार करीत होतो, की सरकार देते ते पदक. मग माणसाचे स्वतःचे त्यात काय असते?

डब्यातून मी दोन-तीन फिती घेतल्या. पदके घेतली नाहीत, कारण जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. घरी येऊन टेबलावर वही उघडून बसलो. यजमानीणबाई कॉफी घेऊन आल्या आणि फिती पाहून थबकल्या.

"तुम्ही हे विकत घेता?" त्यांनी विचारले.

"छंद आहे," मी म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी ओसरीकडे एकवार पाहिले, तेवढ्यावरून मी समजायचे ते समजलो.

७ डिसेंबरची सकाळ. मी ओसरीवर आलो तर झुलती खुर्ची रिकामी. थोड्या वेळाने बंधुराज आतून आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि डाव्या छातीवर ओळीने तीन पदके. त्यांनी नेहमीप्रमाणे मान लववली आणि काठी टेकत रस्त्याला लागले.

"आज दफनभूमीत जातात," बाई म्हणाल्या. "दर वर्षी."

मग त्यांनी सांगितले. १९७५ सालच्या नोव्हेंबरपासून १९९१ सालच्या मेपर्यंत क्युबाची फौज आफ्रिकेत अंगोला देशात लढत होती. तीन लाखांहून अधिक सैनिक तिथे जाऊन आले. दोन हजारांहून अधिक परत आले नाहीत. ते तिथल्याच मातीत पुरले होते. १९८९ साली त्यांच्या अस्थी मायदेशी आणल्या आणि गावोगावी एकाच दिवशी त्यांचे दफन झाले. तो दिवस ७ डिसेंबर. १८९६ साली मासेओ लढाईत पडले तीच तारीख. कोटभर वस्तीचे हे बेट; त्या दिवशी बहुतेक गावांत कुणाचे ना कुणाचे तरी घर रडत होते.

संध्याकाळी ते परत आले, खुर्चीत बसले आणि पदके काढून मांडीवर ठेवली. मला राहवेना. बाईंना दुभाषी करून मी त्यांच्यापुढे बसलो. आणि काय सांगू, विद्या दाखवण्याचा मोह आवरला नाही. एकेकाकडे बोट दाखवून मी ओळखू लागलो. "हे आंतरराष्ट्रीय सैनिकाचे, अंगोलाला गेल्याबद्दल. हे क्वितो क्वानावाले या गावाच्या बचावाचे, १९८७-८८ च्या लढाईचे. हे दुर्मीळ! आणि हे तिसरे, सेनेच्या तिसाव्या वर्धापनदिनाचे, १९८६ चे. हे काय, पुष्कळांना मिळते. साधे आहे."

बाईंनी भाषांतर केले. शेवटच्या वाक्यापाशी त्या जराशा अडखळल्या, पण त्यांनी तेही सांगितले. म्हातारबुवांनी तिसरे पदक हातात घेतले आणि अंगठ्याने फीत सरळ केली.

"हे आम्हा दोघांना एका सकाळी मिळाले," ते म्हणाले. "एकाच रणगाड्यावर होतो. मी चालवीत असे, तो तोफेवर. मला छातीवर टाचणी लावता येईना, तर त्यानेच लावली. फीत वाकडी बसली म्हणून हसत होता. १९८८ च्या फेब्रुवारीत क्वितोला तो गेला. बाकीची दोन पदके मला तो गेल्यावर मिळाली. ती त्याने पाहिलेली नाहीत."

मी काय बोलणार! चाळीस वर्षे फिती वाचीत आलो, आणि त्या तिघींतली नेमकी महत्त्वाची फीत मला 'साधी' दिसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावले. दारामागे उभ्या राहून, हलक्या आवाजात, पण स्पष्टपणे त्या म्हणाल्या, "तिन्ही घ्या. त्याला मी समजावीन. मागच्या खोलीचे छत गळते आहे. दोन पावसाळे आम्ही बादल्या ठेवून काढले. पदकाने छत झाकत नाही, सेन्योर."

त्यांचे काय चुकले होते? आजीचे तरी काय चुकले होते? माझ्या खिशात पैसे होते. परवान्याची खटपट करता आली असती. खोटे कशाला बोलू, क्वितोच्या पदकासाठी माझा जीव तुटत होता. मनाने लगेच वकिली सुरू केली. तू घेतले नाहीस, तर उद्या चौकातला डबेवाला घेईल. तुझ्याकडे निदान वहीत राहील, नीट राहील. आजोबांचे पदक सोनाराऐवजी तुझ्यासारख्या कुणी घेतले असते, तर आज ते जगात कुठेतरी असते ना?

रात्रभर झोप आली नाही. हा युक्तिवाद खोटा नव्हता, हीच तर अडचण! जमवणारा माणूस चोर नसतो. पुष्कळदा त्याच्यामुळेच वस्तू मुशीत जायची वाचते. पण त्या डब्यातल्या फिती मला आठवत होत्या. लाल-पांढरी कुणाची? खाकी कुणाची? मी देश ओळखला, साल ओळखले, लढाई ओळखली. माणूस एकाही फितीचा ओळखता आला नव्हता. तीन सरकारांच्या तीन चिंध्या, आणि त्यांच्यामागचे तीन जीव कुठे गेले कोण जाणे. माझ्या वहीच्या पानापानावर हेच होते.

पहाटे सौ. जागी झाली. मी तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पदके राहोत नाहीतर जावोत, ते त्यांच्या घरचे आहे. पण ती कुणाची, ते कुठे लिहिलेले आहे का?"

शिंप्याचा कचरा म्हणणाऱ्या बाईने नेमके बोट ठेवले.

त्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो नाही. ओसरीवर बसलो. मी विचारी, बाई दुभाषी होत, म्हातारबुवा सांगत. एकेका पदकासाठी एकेक जाड कागद घेतला. पदकाचे नाव, साल, देण्याचे कारण हे मी माझ्या ज्ञानाप्रमाणे सांगितले. मिळाले त्याचे पूर्ण नाव, गाव आणि तुकडी त्यांनी सांगितली. बाईंनी स्पॅनिशमध्ये, शाळामास्तरणीच्या सुबक अक्षरात ते लिहून काढले. तिसऱ्या पदकाच्या कागदावर दोन नावे आली. दुसरे नाव सांगताना म्हातारबुवांनी त्याचे प्रत्येक अक्षर सुटे करून सांगितले, चूक व्हायला नको म्हणून. मग प्रत्येक कागद घडी करून त्या त्या पदकाच्या डबीत ठेवला.

बाईंना मी म्हणालो, "बाई, मी घेणार नाही. तुम्ही कधी विकलीत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. एवढेच करा, हा कागद बरोबर जाऊ द्या."

त्या थोड्या रागावल्या होत्या. असणारच. छत काही कागदाने झाकत नव्हते. उरलेल्या दिवसांचे खोलीचे पैसे आणि वर थोडे अधिक आम्ही टेबलावर ठेवले. ते त्यांनी मोजून घेतले आणि अधिकाच्या पैशांची पावती लिहून दिली, 'इंग्रजी-स्पॅनिश भाषांतराबद्दल'. शिक्षिकेचा ताठा तो!

निघायच्या सकाळी म्हातारबुवांनी मला हाक मारली. "कोंपान्येरो!" हातात कात्री होती. वर्धापनदिनाच्या पदकाची फीत मागे दुमडलेली असते. त्या दुमडीतला करंगळीएवढा तुकडा त्यांनी कापला आणि माझ्या हातावर ठेवला. पाठीचा भाग, त्यामुळे रंग अगदी नवे कोरे होते. "वहीसाठी," ते म्हणाले.

आज माझ्या वहीत क्युबाच्या पानावर तो तुकडा आहे. त्या पानावर एवढी एकच फीत आहे, आणि खाली दोन माणसांची नावे आहेत. ती नावे इथे छापत नाही. ती त्यांच्या घरची आहेत. त्या घराचे छत झाले का, पदके अजून त्याच डबीत आहेत का, हे मला ठाऊक नाही. बाईंची दोन पत्रे आली, मग येईनाशी झाली.

पुण्याला परतल्यावर पहिले काम केले ते आजोबांच्या फितीचे. इतकी वर्षे तिच्याखाली मी मोठ्या ऐटीत लिहून ठेवले होते: 'ब्रिटिश युद्धपदक, १९१४-१८, रुपे.' ते खोडले नाही. त्याखाली आजोबांचे पूर्ण नाव, गाव आणि पलटण लिहिली. मग थोडा वेळ विचार केला आणि त्याच ओळीत आजीचेही नाव लिहिले. पदक सरकारने दिले होते, आणि ते वडिलांच्या फीला उपयोगी पडले. फीत तिने सांभाळली होती.